बिअरची गुणपत्रिका आणि पहिली धार

बिअरच्या स्पर्धेत परीक्षकाच्या हाती जो कागद असतो, त्यावर एकूण गुण पन्नास असतात. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. अमेरिकेत १९८५ साली स्थापन झालेल्या बिअर परीक्षकांच्या संस्थेची ही पद्धत आज जगभर वापरली जाते. पुण्या-मुंबईच्या लहान ब्रुअरींच्या बिअरला गुण देणारे हौशी लोकही कळत-नकळत हीच चौकट वापरतात. एखादी बिअर ३८ गुणांची, दुसरी २९ची. हा आकडा कुठून आला आणि त्यात आपला वाटा किती, असा प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षे जुनी पुस्तके आणि अबकारीचे अहवाल चाळतो आहे.

या विषयात मी शिरलो तो मापनाच्या दारातून. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा ब्रिक्स मोजण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. बिअर करणारे लोक उकडलेल्या माल्टच्या रसातली साखर ज्या 'प्लाटो' अंशांत मोजतात, ते अंश आणि आमचा ब्रिक्स एकाच कुळातले. प्रागमधील कार्ल बालिंग यांनी १८४३ साली साखरेच्या द्रावणांचे कोष्टक केले. ते ब्रिक्स यांनी आणि पुढे प्लाटो यांनी सुधारले. उसाचा रस आणि बिअर एकाच काट्याने मोजली जातात हे कळल्यावर, हा काटा कोणाकोणाला लावला गेला आणि कोणाला नाही, हे पाहण्याची उत्सुकता वाढली.

बिअरला गुण देण्याच्या इतिहासात हिंदुस्थान फार लवकर येतो, पण ग्राहक म्हणून. पूर्व लंडनमधील बो येथे जॉर्ज हॉजसन याने १७५२च्या सुमारास ब्रुअरी सुरू केली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच्या गोदीतून सुटत, आणि त्यांच्या कप्तानांना स्वतःचा खासगी व्यापार करण्याची मुभा असे. हॉजसनने त्यांना लांब मुदतीच्या उधारीवर बिअर दिली. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या महिन्यांच्या प्रवासात पिंपे हलत, तापत, थंड होत आणि आतली जास्त हॉप्स घातलेली बिअर मुरत जाई. हॉजसनने खास हिंदुस्थानसाठी नवी बिअर शोधली ही गोष्ट मात्र दंतकथेत जमा करावी लागते. तशा धाटणीची मुरवण्याजोगी बिअर इंग्लंडात आधीपासून होती, आणि समुद्रप्रवास तिला मानवला, इतकेच.

१८२०नंतरच्या दशकात हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना बाजूला सारून सगळा नफा स्वतःकडे वळवायचा प्रयत्न केला. तेव्हा कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसप यांना हिंदुस्थानच्या बाजारात उतरण्याचा सल्ला दिला. रशियातील जकातीमुळे बर्टनचा जुना व्यापार बसला होता, त्यामुळे ऑलसपला नवे गिऱ्हाईक हवेच होते. पहिला नमुना चहाच्या किटलीत शिजवला, अशी आख्यायिका आहे. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचा अंश भरपूर. त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ उतरतो. ही बिअर बाजारात चालली, मागोमाग बासही आली, आणि १८२९ साली ऑस्ट्रेलियातील एका जाहिरातीत 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापले गेले. आज 'आयपीए' म्हणून जगभर विकल्या जाणाऱ्या बिअरच्या नावात इंडिया आहे ते असे.

त्या काळात गुणपत्रिका नव्हती. जहाज बंदराला लागले की पिंपाला काय भाव येतो, हेच गुण. तो भाव ठरवणारी जीभ गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची होती. पण ती बाटली त्यांच्या टेबलावर पोहोचवणारा एक माणूस घरात असे, तो आबदार. सोऱ्याच्या पाण्यात बाटल्या फिरवून तो त्या थंड करी. किती थंड केली म्हणजे चव मरत नाही, कोणती बाटली आंबली आहे, हे रोज हाताळणाऱ्याला कळत असणारच. त्याचे मत कोणी लिहून घेतल्याचे मला कुठे आढळले नाही.

दरम्यान इंग्लंड-युरोपात बिअर प्रयोगशाळेत गेली. हल गावच्या जॉन रिचर्डसनने १७८४ साली साखरमापकावर पुस्तक काढले. जोसेफ लोव्हिबाँड या ब्रुअरने १८८५च्या सुमारास बिअरचा रंग मोजण्यासाठी रंगीत काचांचे उपकरण केले. रंग, साखर, मद्यार्क मोजता आले, राहिली चव. तिला शब्द मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९७७ साली इंग्रज लेखक मायकेल जॅक्सन यांनी जगातल्या बिअरची प्रकारवार ओळख करून दिली. त्याच दशकात मॉर्टन मीलगार्ड यांनी बिअरच्या वास-चवींचे चक्र मांडले. केळ्यासारखा वास, लवंगेसारखा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास अशा नेमक्या नावांनी परीक्षक एकमेकांशी बोलू लागले. पन्नास गुणांचा कागद या शब्दसंग्रहावर उभा आहे.

आता आपल्याकडे काय चालले होते ते पाहू. मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा आला. ताडीच्या झाडांवर कर बसला, गावोगावच्या भट्ट्या बंद होऊन दारू गाळण्याचे काम मोजक्या मक्तेदारांकडे गेले. १८९२च्या मोहाच्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाच्या फुलांवर बंधने आली. जे फूल आदिवासींच्या घरात टंचाईच्या दिवसांत अन्न म्हणूनही लागे, ते जवळ बाळगणे संशयाचे झाले. सरकारकडेही काटा होता, साइक्सचा हायड्रोमीटर. त्याने देशी दारूची तीव्रता मोजली जाई. अहवालांत ती '२५ अंश अंडर प्रूफ', '६० अंश अंडर प्रूफ' अशी नोंदलेली दिसते. किती गॅलन, किती अंश, किती महसूल. चवीचा रकाना नाही.

माझ्या शोधाचा गाभा हाच आहे. एकाच शतकात विलायती बिअरला वास, रंग, चव मिळाली, आणि देशी पेयाला केवळ अंश आणि कर. ज्याची चव नोंदली जाते ते पेय संस्कृतीत धरले जाते. ज्याचे केवळ अंश मोजले जातात ते व्यसनात. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी माझ्या गावात पाहिली आहेत, त्यामुळे मद्याचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. पण उद्ध्वस्त करण्याची ताकद दोन्ही पेल्यांत सारखीच असताना, एकालाच भाषा का मिळाली, हा प्रश्न उरतो.

आपल्याकडे शब्द नव्हते असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार येतात. मेदकासाठी पाणी, तांदूळ आणि किण्व यांचे प्रमाणही दिले आहे. ही तांदळाची बिअरच. महाराष्ट्रात धान्याच्या बिअरपेक्षा झाडांची पेये जास्त. ताडाची ताडी, माडाची माडी, शिंदीची शिंदी, असे झाडागणिक नाव, म्हणजे वर्गवारी झालीच. सकाळची ताडी गोड, उन्हे चढली की आंबूस, संध्याकाळी उग्र. एकाच मडक्याला दिवसात तीन निकाल, हे पन्नास गुणांच्या कागदात कसे बसवणार? मोहाच्या दारूसाठी 'पहिल्या धारेची' हा शब्द तर इतका रुजला, की कधी थेंबही न चाखलेले लोक तो अस्सलपणासाठी वापरतात. शिवाय पांचट, तुरट, करपट, कडवट आहेतच. आयुर्वेदातील 'कटु' म्हणजे आपले तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपले कडू, हा फरक ध्यानात ठेवला तर जुन्या ग्रंथांतील चवीची वर्णनेही नीट वाचता येतात.

२००९ साली पुण्यात 'डुलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. नाव आपल्या देवळालीवरून आलेल्या इंग्रजी शब्दाचे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत छावणीत अडकलेले गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, त्यावरून तो शब्द पडला. त्यानंतर राज्यात बऱ्याच लहान ब्रुअरी आल्या आणि कोकम, आंबा यांचे प्रयोग झाले. गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघांनी कोकम घातलेली एक बिअर गुणपत्रिकेवर तपासली. मी, एक निवृत्त शिक्षक आणि पालघरकडचे एक वारली स्नेही. शिक्षकांनी आंबटपणा दोष धरून २७ दिले, मी ३४. स्नेह्यांनी पेला परत हुंगला आणि म्हणाले, "आमसूल नीट वाळलेलं नाही. ओलसर वास येतोय." त्यांना आकडा सुचला नाही. पण हा दोष आम्हा दोघांच्या ध्यानातच आला नव्हता.

ब्राझीलमधील सांता कातारीना प्रांतात फळे घालून केलेली आंबट बिअर 'कॅथरीना सोर' या नावाने परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत स्थानिक प्रकार म्हणून नोंदली गेली आहे. तिथल्या लोकांनी आपली चव आपल्या शब्दांत मांडली, तेव्हा चौकटीला जागा करावी लागली. आपल्याकडे हे काम ब्रुअरींवर सोडून चालणार नाही. ताडी उतरवणारे आणि मोह ओळखणारे वृद्ध आज पालघर, नंदुरबार, गडचिरोलीत आहेत. त्यांचे शब्द लिहून घ्यायला एक वही आणि थोडा वेळ लागतो. मी माझ्या वहीत पहिली नोंद केली आहे: 'ओलसर आमसुलाचा वास'. पुढच्या पानावर आता फुले वेचण्यापासूनच्या मोहाच्या नोंदी येतील.