तक्त्यातून उमटलेली बातमी

बातमी शोधावी तरी कोठे, हा विद्यार्थी-पत्रकाराचा पहिला प्रश्न. ५ मे १८२१ रोजी ‘मँचेस्टर गार्डियन’चा पहिला अंक निघाला. त्यात शहरातील शाळांचा एक तक्ता होता. विद्यार्थ्यांची संख्या आणि होणारा खर्च, एवढेच त्यात होते. परंतु अधिकृत अंदाजाने विनामूल्य शिक्षण घेणारी मुले ८,०००. तक्त्याने ती २५,००० च्या घरात नेली! शहरातील दारिद्र्याचे खरे माप लोकांपुढे आले. तेव्हा हाताने केलेली बेरीज आज संगणकावरील स्प्रेडशीट क्षणार्धात करते. मात्र कोणत्या आकड्यामागे माणूस उभा आहे, हे यंत्र सांगत नाही. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम आपल्याच शाळेतील हजेरी, शुल्क आणि गळती मोजावी. बातमी उंबरठ्याशीच असते.