काढा निववण्याची कथा

बशीत ओतून चहा पिणाऱ्या माणसाला हल्लीची मंडळी हसतात. हसोत बापडी! पसरट भांड्यात द्रव पातळ थराने पसरला की तो लवकर निवतो, हे त्या बशीवाल्याला कळलेले असते. युरोपातले बिअर करणारे शेकडो वर्षे हेच करीत आले. मोड आणून भाजलेला सातू गरम पाण्यात भिजवायचा, त्याचा गोड काढा गाळायचा, हॉप नावाची कडवट फुले घालून तो उकळायचा आणि मग माडीवरच्या उथळ, अवाढव्य हौदात रात्रभर वाऱ्यावर ठेवायचा. या काढ्याला त्या धंद्यात वर्ट म्हणतात. बिअरचा थेंबही मी चाखत नाही. पण माझी सारी नोकरी दुधाच्या डेअरीत, यंत्रांच्या सोबतीत गेली, आणि उकळलेला काढा निववणे हे तापवलेले दूध निववण्याचेच सख्खे भावंड आहे.

निववण्याची एवढी घाई कशाला, असे गृहिणी तरी विचारणार नाहीत. विरजण कोमट दुधालाच का लावतात, हे त्यांना ठाऊक असते. उकळत्या काढ्यात यीस्ट घातले तर ते मरते. आणि काढा कोमट होऊन तसाच पडून राहिला तर यीस्टच्या आधी भलतेच जंतू त्यात ठाण मांडतात. मग सारा घाणा आंबूस होतो, गटारात ओतावा लागतो. म्हणून तर १५५३ साली बव्हेरियाच्या ड्यूकने फर्मानच काढले, की २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बिअर करावी, उन्हाळ्यात करू नये. उन्हाळ्यातली बिअर का नासते हे त्याला सांगता आले नसते. ते सांगितले लुई पाश्चरने, १८७६ सालच्या आपल्या बिअरवरील ग्रंथात. त्याच दशकात कार्ल लिंडेने म्युनिकच्या कारखानदारांसाठी शीतयंत्रे बांधली आणि ड्यूकचे पंचांग मोडीत निघाले.

आपल्याकडे गोऱ्या पलटणींना बिअर हवी, पण हवा गरम. म्हणून इंग्रजांनी पहिले कारखाने थाटले ते कसौली, सिमला अशा थंड डोंगरांवर. पुढे मीकिन नावाच्या गृहस्थाने ते विकत घेतले, आणखी काढले, आणि त्यांतला एक थेट आपल्या खडकीला! खडकीला छावणी होती, गिऱ्हाईक दारात होते. हिमालयाचे गार पाणी तेवढे नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि मुंबई इलाख्यात या विद्येला काही काळ वनवास घडला. तो पुढे सैल झाला. आमच्या पनवेलच्या शेजारी तळोज्याच्या वसाहतीतही बिअर होऊ लागली, आणि २००९ साली पुण्यात डूलालीने गिऱ्हाइकांसमोरच लहान प्रमाणात बिअर करण्याचा पायंडा पाडला.

या लहान कारखान्यांचा प्राण म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजर. लंडनच्या रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ साली ते दुधासाठी बनवले. नक्षीदार, पातळ पत्रे एकापुढे एक उभे करून मध्ये रबरी पट्ट्या घालायच्या आणि सारे बोल्टांनी आवळायचे. एका फटीतून गरम द्रव, शेजारच्या फटीतून गार पाणी, पुन्हा गरम, पुन्हा गार. म्हणजे शंभर बशा एकाच पेटीत उभ्या केल्या म्हणा ना!

गेल्या वैशाखात अशाच एका लहान कारखान्याच्या तरुण मालकाने मला बोलावले. हजार लिटरचा घाणा निवायला तीन-तीन तास लागत, आणि एक घाणा आंबून गेला होता. दुप्पट मोठा चिलर घ्या, असा सल्ला त्याला मिळाला होता. त्यासाठी आईचे दागिने गहाण टाकायची त्याची तयारी चालली होती. मी म्हटले, “बाबा, आधी चार नळ्यांचे तापमान तर पाहू.”

आमच्याकडे वैशाखात टाकीतले पाणी ३१ अंशांचे. काढा ९५ अंशांनी आत जात होता, ६१ ने बाहेर येत होता. पाणी ५८ ने बाहेर पडत होते. आधी उलट दिशेने पाणी सोडून पेटी धुतली. हॉपचा हिरवट-काळा चोथा भसाभस निघाला, प्रवाह मोकळा झाला. पण तापमान जवळजवळ तेच! काढा आणि पाणी बाहेर पडताना इतके जवळ आलेले पाहिले आणि मी खाली वाकून नळ्या चाचपल्या. कोणीतरी सफाईनंतर पाण्याच्या नळ्या उलट जोडल्या होत्या. काढा आणि पाणी एकाच दिशेने, हातात हात घालून चालले होते!

असे चालले की गरम द्रव पाण्याच्या बाहेर पडणाऱ्या तापमानाखाली कधीच उतरत नाही. विरुद्ध दिशेने चालले, तर बाहेर पडणाऱ्या काढ्याला शेवटी भेटते ते नुकतेच आत आलेले, सर्वांत गार पाणी. नळ्या बदलल्या. काढा ३५ वर आला. त्यापुढचे वीसपर्यंतचे १५ अंश उतरवायला जुना चिलर पुरेसा होता. बिचाऱ्याला इतके दिवस ४१ अंशांचे ओझे वाहावे लागत होते. तळाशी बारीक जाळीची गाळणी बसवायला सांगितली, आणि पेटीचे बोल्ट उगाच आवळू नका, पत्रे चेपतात, असेही.

नळ्या फिरवल्यावर पाणी ७९ अंशांवर बाहेर येऊ लागले होते, घाण्यामागे सव्वा हजार लिटर. तो पोरगा ते मोरीत सोडायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. दुसऱ्या दिवशीचा सातू भिजवायला ते साठवून ठेवायची टाकी त्याच आठवड्यात आली, आणि दागिने घरातच राहिले.