नागरिकत्वाचा अर्ज केला आणि मध्येच नियम बदलला, तर? जर्मनीत नेमकं काय झालं?

जर्मनीत तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मिळवून देणारी तरतूद ३० ऑक्टोबर २०२५ रोजी रद्द झाली. ती जेमतेम १६ महिने टिकली. पण या काळात अनेकांनी तिच्या भरवशावर अर्ज केले होते आणि त्यातल्या काहींचा निकाल लागायचा होता. त्यांचा अर्ज कोणत्या नियमाने तपासायचा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. जर्मनीत नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या भारतीयांमध्ये पुण्या-मुंबईचे इंजिनीअर आणि विद्यार्थीही आहेत. त्यांच्या दृष्टीने हा बदल समजून घेणं महत्त्वाचं आहे.

दीड वर्षात कायदा दोनदा कसा बदलला?

सन २००० पासून जर्मन नागरिकत्वासाठी साधारणपणे ८ वर्षांचं वास्तव्य लागत होतं. शिवाय बहुतेक बिगर-युरोपीय अर्जदारांना मूळ देशाचं नागरिकत्व सोडावं लागे.

ओलाफ शोल्झ यांच्या सरकारने केलेला नवा कायदा २७ जून २०२४ पासून लागू झाला. त्याने तीन मोठे बदल केले. वास्तव्याची अट ८ वरून ५ वर्षांवर आली. दुहेरी नागरिकत्वाला सर्वांसाठी परवानगी मिळाली. आणि ज्यांचं जर्मन सी-१ पातळीचं आहे, ज्यांनी नोकरीत, शिक्षणात किंवा समाजकार्यात विशेष कामगिरी केली आहे, त्यांना ३ वर्षांत नागरिकत्व मिळण्याची सोय झाली. २०२४ मध्ये जर्मनीने सुमारे २ लाख ९२ हजार लोकांना नागरिकत्व दिलं. हा तोवरचा उच्चांक होता.

फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर फ्रीडरिश मेर्त्स चॅन्सेलर झाले. त्यांच्या पक्षाचा या सवलतींना विरोध होता. मात्र आघाडीतल्या तडजोडीत फक्त ३ वर्षांचा मार्ग बंद करायचं ठरलं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी जर्मन संसदेने त्याला मंजुरी दिली. ५ वर्षांची अट आणि दुहेरी नागरिकत्व कायम राहिलं.

अर्ज आधीचा, निर्णय नंतरचा. मग नियम कोणता?

अनेकांचा समज असा असतो, की अर्ज केला त्या दिवशीचा नियम आपल्याला लागू होईल. प्रत्यक्षात जर्मनीत साधारणपणे निर्णयाच्या दिवशी जो कायदा असेल, तोच लागू होतो. जुन्या अर्जदारांना संरक्षण द्यायचं असेल, तर कायद्यात तशी वेगळी तरतूद करावी लागते.

२०२४ च्या कायद्यात ती होती. त्या कायद्याने सरकारी मदतीवर अवलंबून असलेल्यांसाठीच्या सवलती कमी केल्या होत्या. पण २३ ऑगस्ट २०२३ पर्यंत अर्ज केलेल्यांना जुना नियम फायद्याचा असेल, तर तो लागू होईल, असं कायद्यातच लिहिलं होतं. मंत्रिमंडळाने विधेयक मंजूर केलं, तीच ही तारीख.

२०२५ च्या बदलात अशी तरतूद ठेवली नाही. त्याचा परिणाम उदाहरणाने पाहू. समजा, एखादी इंजिनीअर जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीला गेली आणि तिने मार्च २०२५ मध्ये ३ वर्षांच्या मार्गाने अर्ज केला. २० ऑक्टोबरला तिला प्रमाणपत्र मिळालं असतं, तर ती जर्मन नागरिक झाली असती. तीच फाइल नोव्हेंबरमध्ये निर्णयाला आली, तर तिला ५ वर्षं पूर्ण होण्याची, म्हणजे जानेवारी २०२७ ची वाट पाहावी लागेल. तिच्या पात्रतेत काहीच बदल झालेला नसतो. फरक पडतो तो फाइल कधी हातात घेतली गेली, याने. मोठ्या शहरांत अर्जाचा निकाल लागायला वर्ष किंवा त्याहून जास्त काळ लागू शकतो.

आधी कायम वास्तव्याचा परवाना का घ्यावा?

नागरिकत्वाचे नियम बदलले तरी कायम वास्तव्याचा परवाना वेगळ्या कायद्याखाली मिळतो. युरोपीय ब्लू कार्डवर काम करणाऱ्यांना तो २७ महिन्यांत मिळू शकतो. जर्मन बी-१ पातळीचं असेल तर २१ महिन्यांत. इतर कुशल कामगारांना साधारण ३ वर्षं लागतात. जर्मनीतच पदवी घेऊन कुशल नोकरी करणाऱ्यांना २ वर्षं पुरतात. या काळात पेन्शन फंडात नियमित पैसे भरलेले असावे लागतात.

या परवान्यामुळे नोकरी गेली, म्हणून लगेच देश सोडायची वेळ येत नाही. मात्र सलग ६ महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिल्यास तो सहसा रद्द होतो. खुद्द ब्लू कार्डसाठी ही मर्यादा १२ महिन्यांची आहे. आईवडिलांच्या आजारपणासाठी लांब सुट्टी घेऊन भारतात येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

आज नागरिकत्वासाठी काय लागतं?

- ५ वर्षांचं कायदेशीर वास्तव्य
- बी-१ पातळीचं जर्मन
- नागरिकत्व चाचणी: ३३ पैकी किमान १७ उत्तरं बरोबर
- स्वतःचा आणि कुटुंबाचा खर्च भागवणारं उत्पन्न
- गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसणं
- शुल्क: प्रौढांसाठी २५५ युरो

केवळ विद्यार्थी परवान्यावर असताना हे नागरिकत्व मिळत नाही. त्याआधी नोकरीचा किंवा कायम वास्तव्याचा परवाना हातात असावा लागतो.

भारताचा पासपोर्ट ठेवता येतो का?

नाही. जर्मनी दुहेरी नागरिकत्व मान्य करते, भारत करत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट दूतावासात जमा करावा लागतो.

त्यानंतर ओसीआय कार्ड घेता येतं. त्यावर भारतात आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येतं, पण मतदान करता येत नाही. शेतजमीन विकतही घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने मात्र मिळू शकते. त्यामुळे गावी शेत घ्यायचा विचार असेल, तर जर्मन प्रमाणपत्र स्वीकारण्याआधीच हा हिशेब करावा लागतो.

नियम बदलण्याची चर्चा सुरू झाली, तर काय पाहावं?

पहिलं म्हणजे, विधेयकात जुन्या अर्जदारांसाठी ठरावीक तारीख दिली आहे का, हे वाचावं. दुसरं, अर्धवट अर्ज घाईने पाठवू नये, कारण कागद अपुरे असले की निर्णय आणखी लांबतो. तिसरं, नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित असला तरी वास्तव्याचा परवाना मुदतीआधी नूतनीकरणासाठी द्यावा. तसं केल्यास निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू समजला जातो.

आणि कागदपत्रं पूर्ण असूनही कार्यालयाने सबळ कारणाशिवाय ३ महिन्यांत निर्णय दिला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते. न्यायालय लगेच नागरिकत्व देत नाही, पण अडकलेली फाइल त्यामुळे पुढे सरकू शकते.