१३,८६१ गर्भपिशव्या: आकडा वाचताना काय विचारायचं?

जून २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनेच सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे जवळपास १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचं प्रमाण होतं २.६ टक्के.

"सहापट!" असं लिहायचा मोह होतो. पण छेदात कोण आहे ते आधी बघा. राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या सगळ्या येतात, कॉलेजातल्या मुलीसुद्धा. बीडमध्ये फक्त ऊसतोड करणाऱ्या. वयोगट जुळवल्याशिवाय पट काढू नका. (जुळवूनही दरी बुजेल असं मला वाटत नाही.)

आता मुख्य मुद्दा. दुसरे उपाय नव्हते का? होते की! जास्त रक्तस्रावावरचं ट्रानेक्झॅमिक ॲसिड जपानमध्ये १९६२ सालीच सापडलं. हार्मोन सोडणारी तांबी १९९० मध्ये फिनलंडमध्ये आली. गाठींचा रक्तपुरवठा बंद करून त्या आकसवण्याची पद्धत पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये मांडली. आणि अंगावरून पांढरं जाणं जंतुसंसर्गामुळे असेल तर गोळ्यांनीच बरं होतं, त्याला शस्त्रक्रिया कशाला?

पण या उपायांना वेळ लागतो, पुन्हा तपासणीला यावं लागतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, खाडा केला की दंड. फडावर धड पाणी नाही, संडास नाही, पाळीतही मोळ्या उचलायच्याच. पाच-सहा महिने गावाबाहेर राहणारी बाई तपासणीला येणार कुठून? त्यात कुणी कॅन्सरची भीती घातली की पिशवी काढणं हाच 'एकदाचा' इलाज वाटतो. बीजकोशही काढले तर त्या बाईची पाळी कायमची जातेच, हाडंही लवकर ठिसूळ होतात, आणि पुढच्या हंगामात मोळ्या तर त्याच!

म्हणून उद्या तुम्ही आमच्या कळमना बाजारात मिरची निवडणाऱ्या बायांचं असं सर्वेक्षण करायला बसलात, तर "पिशवी काढली का?" एवढंच विचारू नका. त्याआधी कोणतं औषध दिलं होतं, किती दिवस घेतलं, सोनोग्राफी झाली होती का, आणि त्या दिवसांची मजुरी कोणी भरून दिली, हे रकाने पहिल्याच प्रश्नावलीत ठेवा.