सरकारी मक्तेदार व त्यांचा सेवकवर्ग

शासनाचे काम ठराविक मोबदल्यात अंगावर घेणाऱ्या व्यक्तीने वा संस्थेने त्या कामावर किती व कोणत्या योग्यतेची माणसे ठेवावीत, त्यांपैकी कोणती शासनाच्या संमतीवाचून बदलू नयेत आणि त्यांच्या वेतनाची अंतिम जबाबदारी कोणावर असावी, यांविषयीच्या प्रथांचा व नियमांचा समावेश या विषयात होतो. आजच्या निविदांतील ‘प्रमुख कर्मचारी’ ही संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यामागील प्रश्न जुना आहे. काम दुसऱ्याच्या हाती सोपविल्यावर त्यावर प्रत्यक्षात राबणारी माणसे शासनाला दिसत नाहीत. जी दिसतात ती कागदावरील नावे असतात. नाव आणि माणूस यांत अंतर पडू नये, यासाठी निरनिराळ्या काळी योजलेल्या उपायांचा इतिहास महाराष्ट्रात सलग पाहावयास मिळतो.

मक्ता, इजारा, ठेका व कंत्राट हे शब्द मराठीत कमीअधिक फरकाने एकाच अर्थी वापरले जातात. मराठवाड्यात यांपेक्षा ‘गुत्ता’ व ‘गुत्तेदार’ हे शब्द अधिक रूढ आहेत. कन्नड व तेलुगू भाषांतही गुत्ता या शब्दाची रूपे आढळतात. छत्रपती संभाजीनगर–बीड मार्गावरील पाचोड (ता. पैठण) व त्याच्या आसपासच्या गावांत रस्ता, तलाव किंवा शाळेची इमारत यांचे काम घेणारा तो गुत्तेदार आणि मजुरांची टोळी पुरविणारा तो मुकादम, असा भेद बोलण्यातही पाळला जातो. या दोन शब्दांतच विषयाचे मर्म सामावले आहे. कारण शासनाचा करार गुत्तेदाराशी होतो, मजुराचा व्यवहार मात्र बहुधा मुकादमाशी असतो.

शिवकाल : छत्रपती शिवाजी महाराजांचा कल राज्याची कामे मक्त्याने देण्यापेक्षा वेतनी सेवकांकडून करून घेण्याकडे होता. घोडदळात सरकारी घोड्यावरील बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येणारा शिलेदार असे दोन वर्ग होते. यांपैकी शिलेदार हा एका अर्थी साधनांसह सेवा पुरविणारा होता. त्यामुळे त्याची हजिरी व घोड्याची पाहणी यांना महत्त्व होते. किल्ल्याचा कारभार एकाच्या हाती न ठेवता हवालदार, सरनोबत व सबनीस यांमध्ये वाटून दिला होता आणि सामानसुमानाच्या हिशेबासाठी कारखानीस असे. एकाने फितूर होऊ म्हटले, तरी इतरांवाचून त्याचे काही चालू नये, हा त्यामागील हेतू होता. महत्त्वाच्या जागा आधी निश्चित करावयाच्या आणि त्या एकमेकींवर अंकुश म्हणून ठेवावयाच्या, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

पेशवाई व दरखदार : अठराव्या शतकात राज्यविस्ताराबरोबर सरंजामाची पद्धत दृढ झाली. सरंजाम हा काटेकोर अर्थाने मक्ता नव्हे. तथापि विशिष्ट प्रदेशाच्या उत्पन्नाच्या बदल्यात ठरलेल्या संख्येचे पथक चाकरीस हजर ठेवणे, हे त्याचे स्वरूप सेवा पुरविण्याच्या करारासारखेच होते. किती स्वार ठेवावयाचे, हे नेमून दिलेले असे आणि पथकाची गणती करण्याचा अधिकार सरकार आपल्याकडे राखून ठेवी.

मात्र केवळ संख्येच्या अटीने काम भागत नसे. मामलतदार, कमाविसदार व मोठे सरदार यांच्याकडे सरकारने नेमलेले दरखदार असत. त्यांच्या याद्या सर्वत्र सारख्या नाहीत. दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सबनीस व चिटणीस ही नावे त्यांत सामान्यतः येतात. मामलतदाराच्या हुकुमावर दिवाणाची निशाणी लागे. मजुमदार हिशेब तपासून ते फडणिसाकडे देई. पोतनीस रोकड सांभाळी, तर पोतदार नाण्यांची पारख करी. दरखदाराला काढून टाकण्याचा किंवा त्याच्या दरखाबाहेरचे काम त्याच्याकडून करून घेण्याचा अधिकार मामलतदारास नव्हता. ज्याच्या हाताखाली काम करावयाचे, त्याच्या मर्जीवर नोकरी अवलंबून नाही, अशी ही व्यवस्था होती. आजच्या करारांत प्रमुख कर्मचाऱ्यांना शासनाची आगाऊ मान्यता लागते. पेशवाईत त्याच्याही पुढे जाऊन ही माणसे शासनच नेमीत असे.

या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. पहिली दुहेरी निष्ठेची. सरदाराच्या घरी राहून पेशव्यांचे हित पाहणारा दिवाण दोन्हीकडे संशयास पात्र ठरे. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मल्हारराव होळकर (१७६६) व त्यांचे नातू मालेराव (१७६७) यांच्या मृत्यूनंतर दौलतीच्या वारसाहक्कावरून त्यांचा अहिल्याबाईंशी तीव्र संघर्ष झाला. दुसरी उणीव वंशपरंपरेची. दरख घराण्यात चालू लागल्यावर पद एकाकडे आणि काम त्याच्या मुतालिकाकडे किंवा गुमास्त्याकडे, असा प्रकार वाढला. योग्यता पाहून नेमलेल्या माणसाची जागा अशा रीतीने पुन्हा नावाने घेतली.

बेहडा, रसद व खोटी हजिरी : मामलतदारास सरकारातून महालाच्या अपेक्षित जमाखर्चाचा बेहडा मिळे आणि नेमणुकीच्या वेळी त्याला वसुलापोटी रसद म्हणून आगाऊ रक्कम भरावी लागे. भरलेली रक्कम व्याजासह उगवून घेण्याची घाई आणि मुदतीची अनिश्चितता यांमुळे खर्चात काटछाट करण्याकडे त्याचा कल होई. मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये अहवाल लिहिला. मामलतदारांच्या गैरलाभाच्या मार्गांत लपविलेला वसूल, सुटीच्या नावावरील खोट्या वजाती व न दिलेली वर्षासने यांच्या जोडीला खोट्या हजिऱ्यांचाही त्यात निर्देश आहे. ठाण्यात शंभर शिपायांची नेमणूक असता कमी माणसे ठेवून शंभरांचा पगार खर्ची टाकणे, हे या खोट्या हजिरीचे स्वरूप होय. तिची झळ केवळ खजिन्याला लागत नसे. ज्या गावाच्या रक्षणासाठी ते शिपाई नेमलेले असत, ते गाव उघडे पडे.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) मामलती लिलावाने, अधिक बोली करणाऱ्या हुजऱ्यांना व आश्रितांना देण्याची प्रथा बोकाळली. मूळ मक्तेदार पोटमक्तेदारास आणि तो आणखी खालच्यास काम देई. हाती हुकूम एकाचा व वसुली दुसऱ्याची अशा या साखळीत दरखदारांचा अंकुश निष्प्रभ झाला.

निजामी मराठवाडा : हैदराबाद संस्थानात हीच समस्या अधिक तीव्र होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः पेशकार महाराजा चंदूलाल यांच्या काळात, जिल्ह्यांचा वसूल मक्त्याने दिला जाई आणि मक्तेदारास ‘तालुकदार’ म्हणत. अनेकदा तो दरबारी गृहस्थ किंवा सावकार असून स्वतः हैदराबादेस राही. महालात त्याचे नायब कारभार पाहत आणि वसुलीस अरब व रोहिले शिपाई लावले जात. या नायबांची योग्यता ठरविणारा किंवा त्यांच्या वर्तनाचा जाब घेणारा परिणामकारक नियम नव्हता. मुदत संपण्यापूर्वीच अधिक बोली करणाऱ्यास मक्ता मिळण्याचा संभव असल्याने लागवडीच्या हिताकडे कोणी पाहत नसे. पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकारी पेढीला कर्जापोटी काही मुलखाचा वसूल लावून देण्यात आला होता. तिने औरंगाबादच्या टांकसाळीत पाडलेले रुपये ‘पेस्तनशाही’ म्हणून ओळखले जात.

पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले. त्यांनी मक्तेदार तालुकदारांना क्रमाने दूर करून वेतनी अधिकारी नेमले आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदीची व्यवस्था आणली. यानंतर ‘तालुकदार’ हा शब्द राहिला, परंतु त्याचा अर्थ पालटला : अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा वेतनी प्रमुख. पैठणसारख्या तालुक्यांतील रयतेच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. वसूल घेणारा माणूस आता ठरलेल्या पगाराचा, बदलीस पात्र व वरिष्ठांस जबाबदार झाला. मक्तेदाराच्या माणसांवर नियम बसविण्याऐवजी मक्ताच काढून घेणे, हा या प्रश्नावरील दुसरा उपाय होय.

भोर घाटाचे काम : इंग्रजी अंमलात महसुलाचे मक्ते मागे पडले आणि बांधकामांची कंत्राटे पुढे आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने ईस्ट इंडिया कंपनीशी १८४९ मध्ये करार केला. त्यानुसार तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली आणि कामावर सरकारी सल्लागार अभियंत्याची देखरेख ठेवली. मुंबई–ठाणे मार्गाच्या कामात भाग घेतलेले विल्यम फेव्हिएल यांना भोर घाटाचे कंत्राट मिळून १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले. सु. २५ किमी. लांबीच्या या चढावर २५ बोगदे व ८ मोठे पूल बांधावयाचे होते.

प्रत्यक्ष काम पोटकंत्राटदार व मुकादम यांच्यामार्फत चाले. मजुरी थकल्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला व त्यानंतर चौकशी करण्यात आली. फेव्हिएल यांनी त्याच वर्षी कंत्राट सोडले. त्यानंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोहोचल्यावर अल्पावधीतच मरण पावले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालविले आणि प्रत्यक्ष कामाची व्यवस्था स्वेन्सन अ‍ॅडम्सन व जॉर्ज क्लाउझर या अभियंत्यांकडे सोपविली. १८६१ मध्ये कामावरील मजुरांची संख्या ४२,००० हून अधिक झाली होती. घाटमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. कंत्राट एका व्यक्तीच्या नावावर असले, तरी त्याची सिद्धी जागेवरील एकदोन जाणत्या माणसांवर कशी अवलंबून असते, हे या घटनाक्रमावरून दिसते. त्याचबरोबर या कामात साथींनी व अपघातांनी बळी गेलेल्या हजारो मजुरांची नावे कोणत्याही करारात नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

रेल्वे, कालवे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने तातडीने निकालात काढावेत, यासाठी १८६० चा नववा अधिनियम संमत झाला. मक्तेदार आणि त्याचा मजूर यांच्यामधील व्यवहार हा शासनाच्या कक्षेतील विषय आहे, याची ही मर्यादित का होईना, कबुली होती.

सार्वजनिक बांधकाम खात्याचे नियम : सार्वजनिक बांधकाम खाते १८५४ मध्ये स्थापन झाल्यानंतर निविदा व कराराचे नमुने क्रमाने ठरत गेले. महाराष्ट्रात टक्केवारीच्या दराने द्यावयाच्या कामांसाठी बी-१ व बाबवार दरांच्या कामांसाठी बी-२ हे नमुने परिचित आहेत. कंत्राटदार कामावर नसेल, तेव्हा त्याचा अधिकृत प्रतिनिधी हजर असावा आणि प्रतिनिधीस दिलेला आदेश कंत्राटदारासच दिला असे मानावे, हे अशा करारांतील जुने तत्त्व आहे. पुढे कामाच्या रकमेनुसार पदवीधर अथवा पदविकाधारक अभियंता ठेवण्याची अट आली आणि तो न ठेवल्यास देयकातून ठराविक रक्कम वसूल करण्याची तरतूद केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारांत झाली. सल्लागार सेवांच्या निविदांत तर प्रमुख व्यक्तींचे शिक्षण व अनुभव यांना गुण दिले जातात आणि निवड झाल्यावर त्यांना बदलावयाचे असल्यास समान किंवा अधिक योग्यतेचा माणूस देऊन शासनाची मान्यता घ्यावी लागते.

या अटींचा उद्देश उघड आहे; तथापि अभियंत्याचे पदवीपत्र निविदेस जोडले जाते आणि तो कामावर फिरकत नाही, हा अनुभव नवा नाही. गुमास्त्याकडून चालविलेला दरख आणि उसने घेतलेले पदवीपत्र यांत तत्त्वतः फारसा फरक नाही. मजबुतीकरणाच्या सळया टाकण्याच्या दिवशी अभियंता गैरहजर राहिला, तर त्याच्या पगाराची वसुली करून पुढे कोसळणारे छत सावरता येत नाही.

मजुरांविषयीचे दायित्व : स्वातंत्र्योत्तर काळात प्रमुख माणसांइतकेच सामान्य मजुरांकडेही विधिमंडळांचे व न्यायालयांचे लक्ष गेले. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० याने कंत्राटदारास अनुज्ञप्ती घेणे बंधनकारक केले. वेतनवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असावा आणि कंत्राटदाराने वेतन बुडविल्यास ते मूळ मालकाने द्यावे, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद होय. संसदेने हा अधिनियम पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावून घेतला. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाखालील वेठबिगार ठरविले. काम कंत्राटदाराकडे दिले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही, असेही त्याच निर्णयात स्पष्ट केले.

महाराष्ट्राने याहून वेगळी वाटही चोखाळली. १९७२-७३ च्या दुष्काळात मराठवाड्यासह राज्यभर निघालेल्या कामांच्या अनुभवानंतर रोजगार हमी अधिनियम, १९७७ संमत झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या योजनेच्या कामांत कंत्राटदारास स्थान ठेवले नाही. तालुकदारीचा मक्ता काढून घेणाऱ्या सालारजंगी धोरणाशी या निर्णयाचे नाते जुळते. तरीही हजेरीपट अचूक ठेवण्याचा प्रश्न उरलाच. खोटी हजिरी खात्याच्या कामावरही होऊ शकते. दुसऱ्या बाजूने, शासकीय कार्यालयांतील मनुष्यबळच बाह्य संस्थांकडून घेण्याचे प्रयत्न झाले. नऊ संस्थांमार्फत अशी माणसे घेण्याविषयीचा सप्टेंबर २०२३ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय विरोधानंतर पुढील महिन्यातच मागे घेण्यात आला.

समालोचन : या दीर्घ इतिहासात शासनाने मुख्यतः चार उपाय योजलेले दिसतात : माणसांची संख्या नेमून देणे, मोक्याच्या जागांवर स्वतःची किंवा संमतीची माणसे ठेवणे, वेतनाचे दायित्व स्वतःकडे घेणे आणि मक्ताच रद्द करणे. पहिल्या उपायाला खोट्या हजिरीने, दुसऱ्याला वंशपरंपरेने व उसन्या नावांनी, तर तिसऱ्याला पोटमक्त्यांच्या साखळीने खिंडार पाडले. चौथा उपाय सर्व कामांना लागू करणे शक्य झाले नाही. कोणत्याही काळी या अटींचे यश करारातील शब्दांपेक्षा जागेवर जाऊन माणसे मोजणाऱ्या, त्यांना ओळखणाऱ्या आणि त्यांच्या हाती मजुरी पडली की नाही हे विचारणाऱ्या तपासनिसावर अवलंबून राहिले. तो तपासनीस नेमला गेला, पण मोजणीस गेला नाही, तेव्हा खजिन्याचे नुकसान हिशेबात दिसून आले. रयतेचे व मजुरांचे नुकसान बहुधा नोंदलेच गेले नाही.