तलाव कोणी बांधले?

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. तिथे पाणपक्षी पाहायचे तर नदीकाठ गाठावा लागतो. तिथून उत्तरेला आरमोरी-वडसाकडे, किंवा वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी-नागभीडकडे गेले की चित्र पालटते. धानाच्या बांध्या लागतात आणि गावोगावी तलाव दिसतात. हिवाळ्यात पाळीवर दुर्बीण घेऊन उभे राहिले तर पाण्यावर तलवार बदके, अडया आणि हळदी-कुंकू बदके, तर कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालताना दिसतात.

हे तलाव निसर्गाने दिले का? उत्तर अमेरिकेतील प्रेअरी गवताळ प्रदेशात अशी हजारो उथळ तळी आहेत. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या मागे हटल्या, तेव्हा राहिलेल्या खळग्यांत ती तयार झाली. त्या खंडातील बदकांच्या विणीचा हा मोठा आधार. परंतु गव्हाच्या शेतीसाठी तिथल्या शेतकऱ्यांनी यातील बरीच तळी चर खणून कोरडी केली. आपल्याकडे नेमके उलट घडले. इथे शेतीसाठीच पाणथळी निर्माण झाली.

त्यामागे एक नियम होता. चांद्याचा गोंड राजा हीरशहा याने जाहीर केले होते की, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळेल. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरातील एका वस्तीचे आणि जिल्ह्यातील काही गावांचे नाव आजही तुकूम आहे. भंडारा-चांद्याकडे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. उतार पाहून तीन बाजूंना चढण आणि एका बाजूला मातीची पाळ, अशी ही रचना. त्यामुळे पाळीजवळ पाणी खोल राहते आणि वरच्या अंगाला ते उथळ होत जाते.

पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्व आहे ते या उताराला. खोल पाण्यात बुड्या मारणारी बदके राहतात. गुडघाभर पाण्यात देवधान आणि कमळ वाढते, तिथे जांभळ्या पाणकोंबड्या लपतात. पाणी ओसरले की उघड्या चिखलात तुतारी आणि शेकाट्या किडे टिपतात. बांधणाऱ्याने विचार केला होता धानाचा. पाखरांची सोय आपोआप झाली.

1860च्या दशकात इंग्रजांनी जमाबंदी करून मालगुजारांना गावांची मालकी दिली. तलाव त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, ते ‘मालगुजारी तलाव’. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. आज ‘माजी मालगुजारी’ म्हणून त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून अधिक आहेत. मालकी बदलली, पण गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी डागडुजायची, हे प्रश्न बऱ्याच ठिकाणी अधांतरी राहिले. तलाव गाळाने भरले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बेशरमीने काठ व्यापले.

मात्र यंत्राने गाळ उपसताना तलाव सगळीकडे सारखाच खोल केला, तर पाणी वाढते आणि उथळ कड नाहीशी होते. मग पाणी दिसते, पण चिखलात चालणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही. माशांनाही अंडी घालायला वनस्पती मिळत नाहीत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर यांनी ढिवर समाजातील लोकांबरोबर बेशरम काढून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले. तलाव दुरुस्त करणे म्हणजे नुसते खोदणे नव्हे, हे त्यातून दिसते.

शाळेला करता येण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. आपल्या गावच्या तलावाचा नकाशा काढा. खोल पाणी, वनस्पतींचा पट्टा आणि चिखल असे तीन भाग पाडा. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याला एकाच वेळी, प्रत्येक भागात कोणते पक्षी किती दिसतात ते लिहा. त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला गावातील वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा: तलाव कोणी बांधला, गाळ कोण काढत असे, पाणी वाटण्याचा नियम काय होता? दोन्ही बाजू एकत्र वाचल्या की पक्ष्यांची यादी आणि गावाचा इतिहास एकाच तलावाचे आहेत, हे मुलांना सांगावे लागणार नाही.