दोन दरवाजांची आरोग्यसेवा : थोडा मागचा इतिहास

मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात जेवणाची पाने पडली, की इथल्या डॉक्टरांचा विषय निघतोच. पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, बरे नाही वाटले तर पुढच्या आठवड्यात या. स्पेशालिस्ट हवा असेल तर काही महिने थांबा. मग कोणीतरी हळूच विचारते, "पैसे भरून खाजगीत दाखवले तर सरकारी यादीतले नाव कापतात का हो?" या प्रश्नात भीती असते आणि थोडा संकोचही. हे दोन दरवाजे मुळात झाले कसे, हे कळले तर दोन्ही कमी व्हावेत.

गोष्ट सुरू होते साउथ आयलंडमधल्या कुरौ या लहानशा गावी. १९२८ ते १९३४ या काळात तिथे वायटाकी नदीवर धरण बांधले जात होते. मजुरांच्या पगारातून दर आठवड्याला थोडी रक्कम कापायची आणि त्याबदल्यात डॉक्टर व हॉस्पिटल फुकट, अशी योजना तिथे चालली. त्यात डॉक्टर मॅकमिलन आणि तिथले पाद्री आर्नल्ड नॉर्डमायर यांचा पुढाकार होता. दोघेही १९३५ साली मजूर पक्षातर्फे निवडून आले. पंतप्रधान सॅव्हेज यांच्या सरकारने १९३८ चा सोशल सिक्युरिटी कायदा केला, त्यामागे कुरौचा अनुभव होता. १९३९ मध्ये सरकारी हॉस्पिटलातले उपचार मोफत झाले.

अडले ते फॅमिली डॉक्टरांपाशी. सरकारने प्रत्येक रुग्णामागे वर्षाला १५ शिलिंग देऊ केले. बहुतेक डॉक्टरांनी नकार दिला. सरकारचे पगारी नोकर व्हायचे नाही, फी ठरवण्याचा हक्क सोडायचा नाही, हा त्यांचा हेका. शेवटी १९४१ मध्ये, नॉर्डमायर आरोग्यमंत्री असताना, तडजोड झाली: सरकार प्रत्येक भेटीमागे साडेसात शिलिंग देईल, आणि डॉक्टर वर आपली फी घेऊ शकतील. म्हणजे हॉस्पिटल फुकट, पण दारातल्या डॉक्टरला पैसे. आज जीपीकडे आपण जे डॉलर मोजतो त्यांचे मूळ या तडजोडीत आहे. सरकारचा आकडा मात्र वर्षानुवर्षे हलला नाही; १९६७ मध्ये दशमान नाणी आली तेव्हा त्याचे फक्त ७५ सेंट झाले!

हॉस्पिटलांच्या यादी लांबल्या तशी विम्याला जागा झाली. १९६१ मध्ये सदर्न क्रॉस ही संस्था निघाली. अपघातांसाठी १९७४ पासून एसीसी आली, म्हणून मोडलेल्या हाताची वाट वेगळी आणि झिजलेल्या गुडघ्याची वेगळी. १९९२ मध्ये सरकारने हॉस्पिटलच्या मुक्कामासाठी रोजचे ५० डॉलर लावून पाहिले. लोक इतके चिडले की वर्षभरातच ते मागे घ्यावे लागले.

आपल्याला हा दुहेरी संसार नवा नाही. मुंबईचे मोठे डॉक्टर सकाळी केईएम किंवा जे.जे.ला ऑनररी आणि संध्याकाळी स्वतःच्या कन्सल्टिंग रूममध्ये, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. १९४६ च्या भोर समितीने सरकारी डॉक्टरांना खाजगी प्रॅक्टिस नको अशी शिफारस केली होती, पण ती मनासारखी अमलात आली नाही. तिकडे "आधी खाजगीत दाखवा, मग तेच बेड मिळवून देतील" असा हिशेब असे. तो इथे लावू नये. इथेही तोच सर्जन पुष्कळदा दोन्हीकडे असतो आणि खाजगीत तपासून सरकारी हॉस्पिटलला पत्र लिहू शकतो. पण यादीतला क्रम दुखण्याच्या गरजेवर लावतात, भरलेल्या फीवर नव्हे. फीने मिळते ते लवकर निदान. आणि खाजगीत दाखवले म्हणून सरकारी हक्क जात नाही. जीपीला मात्र सांगून जावे, म्हणजे कागद एका ठिकाणी राहतात. अत्यवस्थ रुग्णासाठी सरकारी हॉस्पिटलच, हेही लक्षात असू द्या. खाजगी हॉस्पिटले मुख्यतः ठरवून केलेल्या ऑपरेशनांची.

समाधान झाले नाही तर बोलावे कसे, याचाही इतिहास आहे, आणि तो दुःखद आहे. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदल असलेल्या स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसते निरीक्षणाखाली ठेवले होते, आणि त्यांना ते सांगितलेही नव्हते. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी 'मेट्रो' मासिकात ते उघड केले. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये आला. त्यातून हेल्थ अँड डिसॅबिलिटी कमिशनरचे पद निर्माण झाले, आणि १९९६ पासून रुग्णांचे दहा हक्क कायद्याने लागू झाले. समजेल अशा भाषेत माहिती, सोबत घरचे माणूस, तक्रार करण्याची मुभा, आणि जमेल तिथे आपल्या पसंतीचा डॉक्टर हे सगळे त्यात आहे. गरज असेल आणि शक्य असेल तेव्हा दुभाषीही. आईला घेऊन जाणार असाल तर अपॉइंटमेंट ठरवतानाच मराठी दुभाषी मागून ठेवा. ऐन वेळी मिळणे कठीण.